शब्द-ओळख : सेडिमेंट

आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सेडिमेंट' हा इंग्रजी शब्द येतो. अर्थ सोपा आहे : गाळ. मूळ मात्र लॅटिन आहे. 'सेदेरे' म्हणजे बसणे. त्यावरून 'सेदिमेंतुम', म्हणजे खाली बसलेले. लॅटिन क्रेदोमध्ये प्रभू पित्याच्या उजवीकडे 'बसला आहे' असे सांगताना 'सेदेत' हा शब्द येतो, तो याच धातूचा. 'होली सी' मधला 'सी' म्हणजे आसन. तोही त्याच घरातला. सेशन आणि प्रेसिडेंट ही त्याची भावंडे.

संस्कृतातील 'सद्' आणि लॅटिन 'सेदेरे' यांचे मूळ एकच. सदन, सभासद, संसद हे शब्द 'सद्'वरून आले. सेडिमेंटेशनला मराठीत 'अवसादन' म्हणतात, त्यातही 'सद्' आहेच. आणि बोलताना आपणही म्हणतो, गाळ 'बसला'.

शब्दाचे तीन उपयोग ध्यानात ठेवावेत :

१. पाणी : तुरटी फिरवली की बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात.

२. खडक : थरावर थर दाबले जाऊन वाळूचा खडक, चुनखडी असे 'सेडिमेंटरी' खडक होतात. आपल्याकडचा काळा पाषाण तसा नाही, तो लाव्हारसाचा आहे.

३. रक्त : तपासणीच्या कागदावर 'ई.एस.आर.' असते, त्यातला 'एस' म्हणजे सेडिमेंटेशन. नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, ते त्यात मोजतात. अंगात दाह असेल तर त्या लवकर बसतात.

आता आपल्या दाराशी पाहू. भीमा वाहते तेव्हा माती सोबत नेते. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात पाणी थांबते, आणि थांबले की माती बसते. जाड वाळू फुगवट्याच्या तोंडाशी, बारीक गाळ आणखी आत. धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी. गाळ बसेल तेवढी पाण्याची जागा कमी होते.

हा गाळ म्हणजे वरच्या शेतांची सुपीक माती. धरणातून तो उपसण्यापेक्षा शेतातच अडवणे स्वस्त पडते. बांध धरावा, बांधावर गवत राखावे, उताराला आडवी नांगरट करावी. 2017 पासून शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. मात्र उजनीत शहरांचे सांडपाणीही येते, म्हणून गाळ शेतात टाकण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी.

मुलांनी काचेच्या बरणीत धरणाचे गढूळ पाणी रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी दिसेल ते सेडिमेंट.