एक स्वयंपाकघर, दोन रिपोर्ट

प्रश्न : माझं वय ५३. अंगाने सडपातळ, जन्मापासून शाकाहारी. तरी एलडीएल १७४ निघालं. माझी जाऊ अंगाने चांगली भरलेली, एकाच स्वयंपाकघरात जेवतो. तिचं मात्र ११०. माझं खाण्यात काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्वयंपाकघर एक असलं तरी माहेरं दोन आहेत, आणि एलडीएलच्या बाबतीत माहेरचा वाटा मोठा असतो.

रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते तयार करतं. ते वाहून नेणारे एलडीएलचे कण रक्तातून परत उचलण्याचं काम मुख्यतः यकृताचं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर हे कण पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. हे शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. ग्राहक किती आणि किती काळ टिकणार, हे बरंचसं जनुकांवर ठरतं. ते कमी पडले की एलडीएल रक्तात साचतं, मग माणूस अंड्याला न शिवणारा का असेना.

त्यात तुमचं वय. इस्ट्रोजेनमुळे हे ग्राहक भरपूर राहतात; पाळी थांबली की तो आधार जातो आणि एलडीएल चढतं. चाळिशीतला जुना रिपोर्ट सापडला तर शेजारी ठेवून पाहा.

सडपातळपणाचं म्हणाल, तर वजनाचा जास्त संबंध ट्रायग्लिसराइडशी. गोडधोड, मैदा, उपवासाची साबुदाणा खिचडी यांचाही तिथेच. तेव्हा जाऊबाईंनी नुसत्या एलडीएलवर पेढे वाटू नयेत. रिपोर्टातली ट्रायग्लिसराइडची ओळही वाचावी.

शाकाहाराबद्दलही एक गैरसमज आहे. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं असतं. पण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं; वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. बघायचं ते संपृक्त स्निग्ध. तूप, साय, लोणी, खोबरेल यांत ते भरपूर, आणि ते यकृतावरचे ग्राहक कमी करतं. वरणावरची तुपाची धार बारीक केली, साय काढलेलं दूध घेतलं, डाळी-कडधान्यं, ओट्स किंवा इसबगोल वाढवलं, तर एलडीएल काही प्रमाणात उतरतं. चालण्याने ट्रायग्लिसराइडला जितका फरक पडतो तितका एलडीएलला पडत नाही. म्हणून चालणं सोडू मात्र नका.

थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या. ते मंदावलं तरी एलडीएल वाढतं, आणि हा त्रास बायकांत जास्त. गोळी लागेल का, हे डॉक्टर एका आकड्यावर ठरवत नाहीत. रक्तदाब, साखर आणि घराण्याचा इतिहासही पाहतात. म्हणून जाण्याआधी माहेरी फोन करून विचारा : वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? कुणाचं एलडीएल १९० च्या वर होतं का? साधारण अडीचशे माणसांत एकाला एलडीएल इतकं चढवणारा जनुकीय दोष जन्मजात असतो आणि तो निम्म्या शक्यतेने मुलांत उतरतो. तसं काही निघालं, तर भावंडांची आणि तुमच्या मुलांचीही तपासणी करून घ्या.