अंदमानचा उकाडा तुम्हाला मानवेल का?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास जातो. पोर्ट ब्लेअरचा वर्षभरात ३३-३४च्या वर क्वचितच चढतो. हा हिशेब मांडून माझी नागपूरची मावशी एप्रिलमध्ये अंदमानला गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ‘अगं, ऊन नाही बाधत इथलं, पण घाम वाळतच नाही. रात्रीसुद्धा!’

तिकिटं काढण्याआधी विचार करायचा तो याच गोष्टीचा. नागपूरची हवा कोरडी. घाम आला की उडतो आणि अंग गार पडतं. अंदमानात हवेतच इतकी वाफ असते की घाम अंगावरच राहतो. रात्रीही पारा २३-२५च्या खाली फारसा उतरत नाही. त्यामुळे विदर्भातल्या कुलरचा तिथं उपयोग नाही, पंख्यानं तात्पुरतं बरं वाटतं, खरी सुटका एसीतच. पुणेकरांना दिवसभर तापलं तरी रात्री वाऱ्याची झुळूक मिळायची सवय असते, त्यांना हा उकाडा जास्त जाणवतो. मुंबईकर आणि कोकणातली माणसं त्यात निम्मी मुरलेली असतात.

स्वतःची परीक्षा अंदमानला न जाताही घेता येते. मेच्या पहिल्या आठवड्यात किंवा पावसानंतरच्या ऑक्टोबरात मालवण-तारकर्लीला तीन रात्री राहा, साध्या पंख्याच्या खोलीत. सकाळी ताजेतवाने उठलात, दुपारी सावलीत पुस्तक घेऊन पडून राहावंसं वाटलं, तर अंदमान तुमचं आहे. दुसऱ्याच रात्री एसीची खोली मागितलीत, तरी जा, फक्त खर्चात एसी धरा. आणि मन सारखं आंबोलीचा घाट चढायला लागलं, तर सरळ डोंगराकडे जा. दोघांचे आठ-दहा हजार यात जातील, पण लाखाची सहल फसण्यापेक्षा ते परवडतात.

दुसरी कसोटी घड्याळाची. अंदमान मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की तिथं सूर्य सुमारे ८० मिनिटं आधी उगवतो, पण घड्याळ तेच. मेमध्ये पाचच्या आत उजाडतं, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर असलात तर पाणी, उजेड आणि गारवा तिन्ही मिळतं. आठला उठून, नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्यांच्या वाट्याला फक्त भाजणारी वाळू येते. रात्री बाजारात भटकायची हौस असेल तर ती इथं भागत नाही. हॅवलॉक आणि नील ही बेटं (२०१८पासून त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) लवकर झोपतात. ‘एका दिवसात पाच पॉइंट’ छापलेली सहल मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही. अकरा ते तीन आडवं होता आलं नाही तर चौथ्या दिवशी माणूस गळतोच.

आता पैसे. दोघांची सहा रात्रींची सहल, डिसेंबर ते एप्रिलच्या मोसमात. विमानभाडं तारखेगणिक बदलतं, तरी मुंबई-पुण्याहून जाऊन-येऊन दोघांचे ४०,००० धरा. एसी खोली रात्रीला ४,००० म्हणजे २४,०००. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-नील-पोर्ट ब्लेअर अशा तीन टप्प्यांना खासगी बोटीचे ९,०००. टॅक्सीचे १४,०००, जेवणखाणाचे १०,५००, पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्या दोघांचे ८,०००. बेरीज १,०५,५००.

यातला उकाड्याचा खर्च वेगळा काढून बघा. पंख्याच्या झोपडीवजा खोलीऐवजी एसी घेतली की सहा रात्रींचे साधारण १२,००० वाढतात. बेटांवर भाड्याच्या स्कूटरऐवजी टॅक्सी केली की चार दिवसांचे ६,०००. म्हणजे ज्याला उकाडा सोसतो त्याची हीच सहल ८७,०००च्या आसपास होते. मालवणची परीक्षा म्हणूनच कामाची, हे १८,००० लागणार की वाचणार ते तिथंच कळतं.

खोली ठरवताना हॉटेलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा, ‘लाइट गेली तर एसी जनरेटरवर चालतो, की फक्त पंखा आणि दिवे?’ बेटांवर लाइट जाते, आणि चार हजार मोजून रात्री घामात बसणं फार जिवाला लागतं. खोली समुद्राकडे आहे का, यापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं. सुती कपडे नेहमीपेक्षा दोन जोड जास्त न्या, दमट हवेत धुतलेलं लवकर वाळत नाही. घरातलं कुणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर अशा घामाच्या जागी जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आपल्याकडची कितीतरी माणसं अंदमानला समुद्रासाठी नाही, सेल्युलर जेलसाठी जातात. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. सावरकर इथं १९११ ते १९२१ होते. तुम्हाला उकाडा अजिबात सोसत नसला आणि जायचं ते फक्त यासाठीच असेल, तरी जाच. फक्त बेटं वगळा, पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) एसी खोलीत तीन रात्री राहा. विमान धरून दोघांचं ६५,०००च्या आत भागेल. गाइड सकाळी उघडल्याबरोबर जा म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण जमल्यास दुपारीही एका कोठडीत पाच मिनिटं दार ओढून उभे राहा. माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. याच हवेत माणसं दिवसभर तेलाचा कोलू ओढत होती, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं.

तारखांबद्दल एवढंच. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानला पोचतो आणि तो सरता सरता ईशान्येचा सुरू होतो, म्हणून नोव्हेंबरअखेरपर्यंत स्वस्त दिसणारी पॅकेजं जपून घ्या. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधीची रात्र बेटावर न काढता पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. स्कूबाही त्या शेवटच्या दिवशी नको. पाण्याखाली गेल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत.