सहाव्या सामन्यावरून सातव्याचा अंदाज बांधता येतो का?

प्रश्न : 2025 मधली एनबीएची अंतिम फेरी मी आणि माझ्या मुलीने रोज पहाटे उठून पाहिली. ती कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळते. सहाव्या सामन्यात इंडियाना पेसर्सनी ओक्लाहोमा सिटी थंडरला 17 गुणांनी हरवलं, तेव्हा करंडक पेसर्सचाच अशी आमची खात्री झाली. लगेचचा सातवा सामना मात्र थंडरनी 12 गुणांनी जिंकला. तेच संघ, तेच खेळाडू, तेच प्रशिक्षक. मग इतकी उलटापालट होते कशी? आणि अशा मालिकेत पुढच्या सामन्याविषयी आधी काही सांगता येतं का?

उत्तर : सांगता येतं, पण गेल्या सामन्यातला गुणांचा फरक पाहून नाही. मालिकेत मोजले जातात ते फक्त विजय. ज्याचे आधी चार होतील त्याची मालिका. एका गुणाने जिंका की तिसांनी, हिशेबात दोन्ही सारखेच, आणि पुढच्या सामन्यात सुरुवात पुन्हा शून्यापासून. म्हणूनच सामना हातचा गेला की प्रशिक्षक आपले मुख्य खेळाडू बाकावर बसवतात आणि त्यांचे पाय पुढच्या सामन्यासाठी राखतात. तुम्ही म्हणता त्या सहाव्या सामन्यात तीन क्वार्टर संपले तेव्हा पेसर्स 90-60 असे पुढे होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन्हीकडे बदली खेळाडूंचीच वर्दळ होती. 108-91 हा निकाल खरा, पण त्यावरून सातव्या सामन्याबद्दल फारसं कळत नव्हतं.

मग पाहायचं काय? कोणता डाव चालला आणि समोरच्याकडे त्याला तोड आहे का, हे. नियमित हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. आज एक प्रतिस्पर्धी, परवा दुसरा. एकाचा खोलात जाऊन अभ्यास करायला सवड नसते. प्लेऑफमध्ये पंधरा-पंधरा दिवस समोर तोच संघ असतो. एकाच पैलवानाशी लागोपाठ सात कुस्त्या धरण्यासारखं ते आहे. पहिल्या कुस्तीत ढाक लावून चीत केलेला गडी दुसऱ्या कुस्तीला ढाकेची तोड शिकूनच येतो. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत प्रशिक्षक आणि खेळाडू व्हिडिओ लावून बसतात, आपल्याला कुठे गाठलं गेलं ते शोधतात आणि बदल ठरवतात. पुढच्या सामन्याचा अंदाज म्हणजे खरं तर या बदलाचा अंदाज.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण 2015 च्या अंतिम फेरीतलं. तीन सामन्यांनंतर क्लीव्हलँड कॅव्हलियर्स गोल्डन स्टेट वॉरियर्सवर 2-1 असे पुढे होते. लेब्रॉन जेम्स खेळाची गती मुद्दाम मंदावत होता आणि वेगाने खेळणारे वॉरियर्स त्यात अडकले होते. निक युरेन हा वॉरियर्सच्या प्रशिक्षक वर्गातला 28 वर्षांचा साहाय्यक. आदल्या वर्षीच्या अंतिम फेरीचे व्हिडिओ पाहताना त्याच्या लक्षात आलं, की सॅन अँटोनियो स्पर्सनी मालिकेच्या मध्यावरच सुरुवातीच्या पाचांत बदल केला होता आणि तिथून मायामीचा संघ सावरलाच नाही. त्याने सुचवलं, उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बसवा आणि आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीपासून खेळवा. इग्वाडाला त्या नियमित हंगामात सुरुवातीच्या पाचांत एकदाही नव्हता. मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी हा सल्ला मानला आणि सामन्याआधी पत्रकारांना बदलाची चाहूलही लागू दिली नाही.

चौथा सामना सुरू झाला आणि कॅव्हलियर्सनी पहिले सात गुण सलग घेतले. बदल फसला असं वाटावं असाच तो क्षण होता. पण पाचही जण चपळ असल्यामुळे हळूहळू वॉरियर्सचा वेग वाढला आणि पहिला क्वार्टर संपला तेव्हा ते 31-24 असे पुढे होते. आता क्लीव्हलँडची बाजू पाहा. त्यांचा सात फुटांहून उंच सेंटर टिमोफे मोझगॉव्ह याला रिंगजवळ अडवायला वॉरियर्सकडे तोलामोलाचा उंच माणूस उरला नव्हता, त्यामुळे त्याने तब्बल 28 गुण केले. तरीही क्लीव्हलँड 103-82 असे हरले, कारण बचावाला परत धावताना हाच मोझगॉव्ह मागे पडत होता. पुढच्या सामन्याआधी प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांच्यासमोर अवघड प्रश्न उभा राहिला. 28 गुण करणाऱ्याला बसवायचं का? त्यांनी बसवलं. पाचव्या सामन्यात मोझगॉव्ह जेमतेम 9 मिनिटं खेळला. लेब्रॉनने 40 गुण केले, पण जिंकले वॉरियर्स, आणि पुढे मालिकाही त्यांनी 4-2 अशी घेतली. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडाला. चौथ्या सामन्यानंतर नुसता गुणफलक वाचणाऱ्याला मोझगॉव्ह क्लीव्हलँडची जमेची बाजू वाटला असता. कोण कोणाला अडवतंय हे पाहणाऱ्याला तीच त्यांची अडचण आहे हे दिसलं असतं.

प्रश्न : पण एखादा संघ जोरात असला की ती लय पुढच्या सामन्यातही राहते, असं समालोचक नेहमी म्हणतात. ते खरं नाही का?

उत्तर : लय सामन्याच्या आत नक्की असते. सामना संपून दोन दिवस गेले, विमानप्रवास झाला, समोरच्याने बदल केले, की ती कितपत उरते याबद्दल मी फार सावध असतो. 2023 ची ईस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम फेरी आठवा. बॉस्टन सेल्टिक्स मायामी हीटविरुद्ध 0-3 असे मागे होते. तिथून त्यांनी तीन सामने जिंकले. सहाव्यात तर सामना संपायला सेकंदाचा दहावा भाग उरला असताना डेरिक व्हाइटने रिंगवरून परत आलेला चेंडू आत ढकलला आणि सेल्टिक्स 104-103 जिंकले. सातवा सामना घरच्या मैदानावर. लय म्हणाल तर याहून मोठी कुठली? पण पहिल्याच चालीत जेसन टेटमचा घोटा मुरगळला, सेल्टिक्सनी 42 थ्री-पॉइंटर मारले त्यातले 9 पडले, आणि मायामी 103-84 असे जिंकले. 0-3 वरून मालिका जिंकणं एनबीएत 2025 पर्यंत कुणालाही जमलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट तुमच्या मुलीला खेळताना उपयोगी पडेल. सामन्यातल्या काही गोष्टी पुढच्या सामन्यात पुन्हा घडण्याची शक्यता जास्त असते, काहींची कमी. लांबून मारलेले नेम पडणं सगळ्यात बेभरवशाचं. चांगला नेमबाजही दहातले चार थ्री-पॉइंटर टाकतो, आणि एखाद्या रात्री तेच दोन किंवा सहा होतात. त्यामुळे ‘आज थ्री पडले म्हणून जिंकलो’ असा विजय पुढे नेता येत नाही. मात्र ते नेम मोकळे मिळाले होते का, हे जरूर पाहावं, कारण मोकळी जागा नशिबाने नाही, डावाने मिळते. रिंगकडे घुसून मिळवलेले फ्री थ्रो, रिबाउंडवरची पकड, चेंडू न गमावणं या गोष्टी त्या मानाने टिकाऊ.

2025 चा चौथा सामना या नजरेने पाहा. थंडर मालिकेत 2-1 असे मागे आणि शेवटचा क्वार्टर सुरू होताना 87-80 असे पिछाडीवर. थ्री-पॉइंटर पडतच नव्हते. अख्ख्या सामन्यात 17 पैकी फक्त 3. तरी ते 111-104 जिंकले. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी पहिले तीन सामने बुटक्या फळीने सुरू केले होते. या सामन्यात त्यांनी सात फुटी आयझाया हार्टनस्टाइनला सुरुवातीच्या पाचांत परत आणलं. शाई गिलजस-अलेक्झांडरने 35 गुण केले, त्यातले 15 शेवटच्या पाचेक मिनिटांत, बहुतेक रिंगच्या दिशेने घुसून किंवा फ्री थ्रो लाइनवरून. लांबचे नेम चुकत असतानाही जिंकलेला संघ पुढच्या सामन्यात आणखी धोकादायक असतो, आणि झालंही तसंच. पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सने 40 गुण केले आणि थंडर 120-109 असे जिंकले.

प्रश्न : घरच्या मैदानाचा खरंच इतका फायदा होतो? आणि सातव्या सामन्याआधी आम्ही काय अंदाज बांधायला हवा होता?

उत्तर : फायदा होतो, आणि तो विशेषतः बाकावरून येणाऱ्या खेळाडूंच्या खेळात दिसतो. मोठा तारा कुठेही आपला खेळ खेळतो. बदली खेळाडू मात्र आपल्या प्रेक्षकांपुढे अधिक मोकळा होतो. तिसरा सामना इंडियानापोलिसमध्ये झाला तेव्हा पेसर्सचा बेनेडिक्ट मॅथुरिन बाकावरून आला आणि 27 गुण करून गेला. टी. जे. मॅककॉनेलचं काम तर मुलीला पुन्हा दाखवण्यासारखं आहे. बास्केट झाल्यावर प्रतिस्पर्धी रेषेबाहेरून चेंडू आत टाकतात, तेव्हा बहुतेक बचावपटू पाठ फिरवून मागे धावत असतात. मॅककॉनेल तसा धावल्याचं दाखवायचा, मध्येच वळायचा आणि तो सुस्तावलेला पास उचलायचा. त्या सामन्यात त्याने 5 वेळा चेंडू चोरला. पेसर्स जिंकले, 116-107.

सात सामन्यांच्या मालिकेत पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना वरचढ कामगिरीच्या संघाकडे होतो. थंडरनी नियमित हंगामात 82 पैकी 68 सामने जिंकले होते, म्हणून सातवा सामना त्यांच्या घरी होता. तोवर अंतिम फेरीत 19 वेळा मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली होती आणि त्यातल्या 15 वेळा यजमान जिंकले होते. पाहुण्यांना जमलं ते फक्त चार वेळा. त्यातलं शेवटचं 2016 चं, जेव्हा 1-3 वरून परतलेल्या क्लीव्हलँडनी वॉरियर्सना त्यांच्याच घरी 93-89 असं हरवलं.

हे सगळं जमेला धरून 22 जूनच्या सामन्याआधी (आपल्याकडे 23 च्या पहाटे) तीन प्रश्न समोर ठेवता आले असते. पहिला, गिलजस-अलेक्झांडरचा. सहाव्या सामन्यात त्याने 8 वेळा चेंडू गमावला होता. इतका सावध खेळाडू लागोपाठ दोनदा इतक्या चुका करेल का? शक्यता कमी. दुसरा, पेसर्सच्या बाकाचा. घरी चालणारी ही फळी ओक्लाहोमाच्या गोंगाटात तशीच चालेल का? शंका घ्यायला जागा होती. तिसरा आणि सगळ्यात वजनदार, टायरीस हॅलिबर्टनच्या पोटरीचा. पाचव्या सामन्यात उजवी पोटरी दुखावल्यामुळे त्याला एकही फील्ड गोल करता आला नव्हता. सहाव्यात तो त्याच पायाने खेळला होता. पेसर्सचा सगळा खेळ त्याच्या पासवर चालायचा. तो धावू शकला तर सामना बरोबरीचा, नाही तर थंडरचा, असा अंदाज त्या रात्री प्रामाणिक ठरला असता.

प्रत्यक्षात हॅलिबर्टनने पहिल्या काही मिनिटांत तीन थ्री-पॉइंटर टाकले. त्याच क्वार्टरमध्ये रिंगकडे झेप घेताना तो कोसळला. उजव्या पायाचा अकिलीस टेंडन तुटला होता. त्याच्याशिवाय पेसर्स मध्यंतराला 48-47 असे पुढे होते, ही त्या संघाची कमाई मला कुठल्याही विजयाइतकी मोठी वाटते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरनी 34 गुण केले, पेसर्सनी 20, आणि सामना तिथे सुटला. 103-91. गिलजस-अलेक्झांडरचे 29 गुण आणि 12 असिस्ट.

पोटरी दुखते हे सगळ्यांना माहीत होतं; टेंडन तुटेल हे कुणाच्याही अंदाजात नव्हतं. अंदाजाची ही मर्यादा मान्य करायलाच हवी. पण म्हणून अंदाज बांधणं सोडू नका. पुढच्या वर्षी मालिका सुरू झाली की प्रत्येक सामन्याआधी मुलीला तीन गोष्टी वहीत लिहायला सांगा: गेल्या वेळी कोणता डाव चालला, त्याला तोड म्हणून कोण कोणाला अडवायला येईल, आणि कोणाचे पाय थकलेत किंवा दुखावलेत. संघ प्लेऑफमध्ये दुखापतींचा अहवाल आधी जाहीर करतात, त्यामुळे तिसरी गोष्ट शोधावी लागत नाही. मग पहिली सहा मिनिटं गुणफलकाकडे पाहायचं नाही. मोठ्या सेंटरला कुणी अडवलंय आणि मुख्य गार्डच्या अंगावर कुणाला सोडलंय एवढंच पाहायचं. प्रशिक्षकाने दोन दिवसांत काय ठरवलं ते तिथेच उघड होतं. सामना संपल्यावर वही उघडून कोणता अंदाज चुकला आणि कशामुळे, हे दोघांनी मिळून पाहा. अशी एक मालिका पाहिली तर समोरच्या संघाचा खेळ कसा वाचायचा हे तिला स्वतःच्या सामन्यांतही कळू लागेल, आणि खेळाडूच्या दृष्टीने त्याची किंमत विजेता बरोबर ओळखण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.