ज्वालामुखीवर पहारा: या वाटेने जायचं तर

मुलीने ‘मला ज्वालामुखींचा अभ्यास करायचाय’ म्हटलं की घरात दोन प्रश्न हमखास येतात. जिवाचं काय आणि पोटाचं काय? दोन्ही रास्त आहेत. पण त्याआधी हे काम असतं तरी कसं ते पाहू, कारण टीव्हीवरचा उसळता लाव्हा पाहून त्याचा काहीच अंदाज येत नाही.

फिलिपिन्समधला पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. एप्रिल १९९१ मध्ये त्याच्या उतारावर वाफेचे स्फोट झाले. तिथल्या ‘फिवोल्क्स’ या सरकारी संस्थेने भूकंपमापक बसवले, थोड्याच दिवसांत अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाचं पथकही मदतीला आलं. पुढचे काही आठवडे या लोकांनी जे केलं ते लांबून पाहणाऱ्याला कंटाळवाणंच वाटलं असतं. दिवसाला किती हादरे बसले ते मोजायचं, ते किती खोलवर आणि डोंगराच्या कोणत्या बाजूला झाले ते ठरवायचं. त्याच्या जोडीला विवरातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मोजदाद. हा वायू सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषतो, त्यामुळे धुराच्या लोटाखालून उपकरण नेलं की तो किती बाहेर पडतोय याचा हिशेब लागतो. १३ मे रोजी तो दिवसाला सुमारे ५०० टन होता, २८ मे रोजी ५,००० टनांच्या वर. तप्त शिलारस वर सरकत होता.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात हाच आकडा ३०० टनांच्या खाली आला. कुणीही म्हटलं असतं, चला, संकट टळलं! पण हादरे थांबले नव्हते. पथकाने उलटा अर्थ लावला: वायूची वाट बुजली असावी आणि आत दाब साठत असावा. मला विचाराल तर या पेशातली अक्कल नेमकी इथे दिसते. मापं यंत्र देतं, पण एका मापाला दुसऱ्याशी ताडून पाहायला माणूस लागतो, आणि त्याच्या निर्णयावर हजारो लोकांनी घरदार सोडायचं असतं.

लोक सहजासहजी घर सोडत नाहीत. ज्या डोंगराने आजोबा-पणजोबांच्या काळात कधी हूं की चूं केलं नाही, तो फुटणार हे पटायचं कसं? तेव्हा मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने चित्रित केलेली ज्वालामुखींच्या संहाराची दृश्यं अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना दाखवण्यात आली. ९ जूनला सर्वोच्च इशारा दिला गेला, १० जूनला जवळचा क्लार्क हवाई तळ रिकामा झाला आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्याच दिवशी चक्रीवादळ येऊन थडकलं. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली, शेकडो माणसं गेली. तरीही वेळेवर हलवल्यामुळे किमान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे.

त्याच्या सहा वर्षं आधी कोलंबियात नेमकं उलट घडलं होतं. नेवादो देल रुइझ या ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा तयार होता, पण १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री आर्मेरो शहर वेळेत रिकामं झालं नाही आणि चिखलाच्या लोंढ्यात सुमारे २३,००० माणसं गेली. म्हणून मुलांना माझं सांगणं असतं की भाषेकडे दुर्लक्ष करू नका. अधिकाऱ्याला दोन वाक्यांत धोका सांगता येणं हा या नोकरीचाच भाग आहे.

आता जिवाचा प्रश्न. क्राफ्ट दांपत्याचा ३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर मृत्यू झाला, त्या दिवशी तिथे एकूण ४३ जण दगावले. धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण बरीचशी उपकरणं आता दुरूनच नोंदी पाठवतात, जमीन किती फुगली ते उपग्रहावरून कळतं, आणि अनेकांचा दिवस संगणकासमोरच जातो.

पोटाचा प्रश्न जास्त अवघड. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि तिथे वस्ती नाही. (सह्याद्रीची काळजी नको. दख्खनचा लाव्हा वाहायचा थांबून साडेसहा कोटी वर्षं झाली.) म्हणजे ‘ज्वालामुखीतज्ज्ञ’ अशी पाटी लावून आपल्याकडे फारशा जागा निघणार नाहीत. परदेशी सरकारी वेधशाळांत बऱ्याचदा नागरिकत्वाची अट आडवी येते. ‘फॉरेनला भरपूर स्कोप’ सांगून लाखोंची फी मागणाऱ्या कन्सल्टंटला या अटीबद्दल आधी विचारा.

म्हणून पाया रुंद घ्यावा. पुण्यात फर्ग्युसन किंवा मुंबईत सेंट झेवियर्समध्ये जिऑलॉजी घेऊन बीएससी, मग ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एमएससी, ही एक वाट. जेईई ॲडव्हान्स्डमधून खरगपूर किंवा रुरकीला बारावीनंतर थेट प्रवेश, ही दुसरी. एमएससीनंतर यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूशास्त्रज्ञ, भूभौतिकशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ घेतले जातात. पगार केंद्र सरकारी राजपत्रित अधिकाऱ्याचा, त्यामुळे आजीलाही समजावून सांगता येतो. हादऱ्यांच्या नोंदी वाचायची हीच विद्या कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासात, धरणांच्या आणि बोगद्यांच्या कामांत चालते. पीएचडीसाठी न्यूझीलंड, इटली किंवा अमेरिकेत जायचं ठरलं, तर विद्यावेतन मिळत असेल तरच जा. कर्ज काढून नको.

एक गोष्ट मात्र अकरावीचा फॉर्म भरतानाच ठरवावी लागते. ‘जिऑलॉजीला कुठे लागतंय’ म्हणून बरीच मुलं गणित सोडून देतात. जिऑलॉजीचं एक वेळ निभावेल, पण हादरे आणि जमिनीचा फुगवटा मोजणाऱ्या जिओफिजिक्सची वाट तिथेच बंद होते, आणि ती पुढे उघडायची म्हटली तर दोन-तीन वर्षं सहज जातात.