झाक फुरू : खेळाडू आणि प्रशिक्षक

रग्बीमध्ये ‘स्क्रम’ म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ आघाडीवीरांनी खांद्याला खांदा भिडवून केलेली रेटारेटी. तिच्यातून मागे येणारा चेंडू उचलून साथीदारांकडे सोपविणारा खेळाडू तो स्क्रम-हाफ. हे काम बहुधा लहान चणीच्या माणसाकडे येते. १९४७ मध्ये नैर्ऋत्य फ्रान्समधील ओश गावी जन्मलेले झाक फुरू साडेपाच फुटांहूनही ठेंगणे होते. धिप्पाड आघाडीवीरांवर ते असा काही हुकूम गाजवीत, की नेपोलियनचे ‘छोटा कॉर्पोरल’ हे टोपणनाव त्यांना चिकटले.

१९७७ साली पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या चौघांनाही नमविले. चारही सामन्यांत तेच पंधरा खेळाडू उतरले आणि प्रतिपक्षाला एकदाही ‘ट्राय’ करता आला नाही, म्हणजे चेंडू फ्रेंच गोलरेषेपलीकडे टेकविता आला नाही. हा विजय मुख्यतः आघाडीच्या बळाचा होता. फुरूंच्या मनावर तो कायमचा कोरला गेला असावा.

१९८१ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्या वर्षी आणि पुन्हा १९८७ मध्ये फ्रान्सने चारही सामने जिंकले. तरीही टीका थांबेना. फ्रेंच रग्बीचे सौंदर्य मोकळ्या मैदानात हातोहात फिरणाऱ्या चेंडूत आहे आणि फुरूंना हवेत केवळ दांडगे देह, असे टीकाकार म्हणत. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत संस्मरणीय क्षण नेमका मोकळ्या खेळाचाच ठरला, ही गंमतच म्हणावयाची. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात, सिडनी येथील उपांत्य सामन्याच्या अखेरच्या क्षणी, अनेक हातांतून आलेला चेंडू सर्ज ब्लांको यांनी कोपऱ्यात टेकविला आणि ऑस्ट्रेलियाचा ३०–२४ असा पराभव झाला. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने मात्र फ्रान्सला २९–९ असे हरविले.

मे १९९० मध्ये रुमानियाने फ्रान्सला १२–६ असे हरविले, आणि तेही फुरूंच्या जन्मगावी, ओश येथे. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले. पुढे ते तेरा खेळाडूंच्या प्रतिस्पर्धी खेळाकडे, रग्बी लीगकडे वळले, आणि १९९६ मध्ये पॅरिसच्या नव्या व्यावसायिक संघाचे अध्यक्ष झाले. जुन्या वर्तुळातील अनेकांना हे रुचले नाही. १७ डिसेंबर २००५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ओश येथेच त्यांचे निधन झाले.