पाहायचे पुष्कळ राहिले आहे

पोफळी, ता. चिपळूण
मार्गशीर्ष शुद्ध ५

चि. बापू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आत्या दिवाळीत डोंबिवलीस तुझ्याकडे राहून परवा येथे आली आणि पडवीत टेकते न टेकते तोच तिने तुझ्याविषयी जे सांगितले, त्यावर माझा प्रथम विश्वास बसला नाही. कारण तिळाचा ताड करण्याची तिची सवय तुला आणि मला सारखीच ठाऊक आहे. परंतु त्याच संध्याकाळी मी सूनबाईला फोन करून सरळ विचारले, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याने आत्याच्या साऱ्या मजकुरावर शिक्कामोर्तब झाले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला आहे, डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा तू ती फिरवलीस, संध्याकाळचे फिरणे बंद आहे, दुर्बीण शेजारच्या मुलाला देऊन टाकलीस, आणि कुणी काही म्हटले की "आता काय बघायचं राहिलंय?" एवढे बोलून भिंतीकडे तोंड करतोस. बाकी सारे मी एक वेळ मनावर घेतले नसते. हे एक वाक्य मात्र गेले तीन दिवस मला जेवू देत नाही.

तुझे वय एकसष्ट. मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे आणि तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. बँकेने साठाव्या वर्षी माणसाच्या चाकरीची मुदत संपवावी हा कारभाराच्या सोयीचा नियम झाला. त्याच नियमाने आपल्या डोळ्यांची, पायांची आणि बुद्धीची मुदतही संपली, असा हुकूम तुला कोणत्या दफ्तरातून मिळाला ते एकदा मला कळव. आणि हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारले असते तर मी ते वयाचे बोलणे म्हणून सोडून दिले असते; पण ते तू उच्चारावेस? ज्याने सात वर्षांचा असताना वीजगृहाच्या वसाहतीतल्या एकाही माणसाला प्रश्न विचारल्यावाचून सोडले नाही, त्या तू?

तुला आठवत असेल, वा नसेलही. कोळकेवाडीचे धरण व्हायचे होते त्या वेळची गोष्ट. डोंगराच्या पोटातले वीजगृह पाहून बाहेर आल्यावर तू माझा हात धरून विचारलेस, "काका, यंत्र फिरवून झाल्यावर हे पाणी कुठे जातं?" मी म्हटले, वाशिष्ठीत जाते. तेवढ्याने तुझे समाधान झाले नाही. वाशिष्ठी कुठे जाते, आणि हे पाणी इकडे आणले नसते तर ते कुठे गेले असते, हे सारे तुला हवे होते. तेव्हा त्या रविवारी आपण दोघे कालव्याच्या कडेकडेने चालत गेलो आणि मी तुला सांगितले की हे कोयनेचे पाणी. ते एरवी कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जायचे, ते आपण सह्याद्रीला भोक पाडून पावणेपाचशे मीटर खाली कोकणात उतरवले, आणि आता ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. तू थांबून म्हणालास, "मग मासे चुकले असतील." त्या दिवसापासून मी तुझ्या आईला सांगत आलो की या पोराचे डोळे वेगळे आहेत. त्याच डोळ्यावर पडदा धरला असता तो दूर करून घ्यायला तू नकार देतोस, हे मला कसे सोसावे?

तुला वाटेल, काकांचा स्वभावच हौशी, त्यांना काय कळणार. तसे नाही. तुझ्यापासून लपवण्यासारखे त्यात काही नाही म्हणून सांगतो: पंचविशी-तिशीत मी आजच्याहून अधिक म्हातारा होतो. १९६२ च्या मे महिन्यात पोफळीच्या पहिल्या जनित्रातून वीज निघाली त्याच वर्षी मी कामावर लागलो आणि त्यानंतरची पुष्कळ वर्षे दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत उतरवणे, पाळी संपली की खोलीवर येऊन झोपणे आणि पगाराच्या तारखेची वाट पाहणे यापलीकडे मी काही केले नाही. आमचे एक अभियंते दर हिवाळ्यात सुटीच्या दिवशी जंगली जयगडावर जात आणि मला आवर्जून बोलवीत. वरून सारे कोकण कसे दिसते, खडकांचे थर एकावर एक कसे बसले आहेत, ते दाखवतो म्हणत. मी पुढच्या वर्षी येईन असे म्हणत राहिलो. त्यांची बदली झाली, ते पुढे वारलेही, आणि आज मला तो गड चढायची इच्छा अनावर होते तेव्हा गुडघे नाही म्हणतात. तरुणपणी देह सर्व काही द्यायला तयार असतो आणि मन मात्र मागत नाही, याएवढे नुकसान दुसरे नसेल, बापू. ज्या कातळात बसून मी इतकी वर्षे भाकरी खाल्ली तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून झाला, हे मला निवृत्तीनंतर कळले!

आणि कळले तेही एका निमित्ताने. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवाजीसागराच्या तळाला खालून भोक पाडले गेले. तलाव रिकामा न करता, बोगदा खालून तळापर्यंत नेऊन, शेवटचा खडकाचा बूच तेवढा सुरुंगाने उडवायचा आणि पाणी आत घ्यायचे, अशी ती योजना. मी त्याच वर्षी सेवेतून मोकळा होत होतो. साऱ्या वसाहतीत त्याचीच चर्चा, आणि मला लाज वाटली की जन्मभर याच डोंगरात काम करून या गोष्टीतले एक अक्षर मला समजत नाही. एका तरुण अभियंत्याला गाठून मी त्याच्याकडून आकृत्या काढून घेतल्या. त्याने दिलेले इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचायला मला पावसाळा लागला. तेथून मी जो जागा झालो तो आजवर. २०१२ मध्ये पुन्हा तसेच भोक पाडले गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलांना पाटीवर चित्र काढून समजावणारा मी होतो. मंडणगडाजवळ वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखून पिल्ले पाण्यात सोडतात असे ऐकले, तर ते पाहायला मी उठून गेलो. ती पिल्ले वाळूवरून पाण्याकडे निघाली तेव्हा तुझी काकू लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. यासाठी पाय चालते ठेवावे लागतात, म्हणून मी पहाटे अलोऱ्याच्या रस्त्याने फिरतो. लोकांचे बोलणे कळावे म्हणून कानात यंत्र घालतो, आणि दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया मी कधीच उरकून घेतली आहे. देहाची निगा राखण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उद्या काही पाहायचे आहे हे ठरलेले असले की रात्रीची गोळी आपण होऊन आठवते.

तुला मोठ्यांची उदाहरणे दिलेली आवडत नाहीत. तरी आपल्याच मुलखातली दोन देतो, कारण दोन्हींचा धागा त्याच १९६२ सालाशी येऊन मिळतो. मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहान असताना परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवले गेले, हे तू शाळेत वाचले आहेस. पण तुझ्या उपयोगाचे कर्वे त्यानंतरचे. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते विलायतेस गेले, युरोप, अमेरिका, जपान पाहून आले आणि मग आफ्रिकेला गेले. १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. आणि १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षात, समता संघ स्थापन केला. १९६२ च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा एकशेचार वर्षांचे होते. दुसरे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामात जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. 'व्यवहारमयूखा'च्या प्रस्तावनेसाठी म्हणून त्यांनी जुळवाजुळव सुरू केली आणि तिच्यातून धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला. पहिला खंड १९३० साली, म्हणजे त्यांच्या पन्नासाव्या वर्षी निघाला आणि शेवटचा १९६२ मध्ये, ते ब्याऐंशी वर्षांचे असताना. पन्नाशीत ज्याचा पहिला खंड निघाला त्याने साठीला "आता काय राहिलंय" म्हटले असते, तर पुढच्या खंडांचे काय झाले असते याचा तूच हिशेब कर. तू बँकेतला माणूस आहेस.

इतके लिहून मी थांबलो होतो. काकू म्हणाली, पोराला फार बोललात. आणि पुन्हा वाचता वाचता माझ्याही मनात आले की ज्या गोष्टीविषयी आपण दोघे कधीच बोललो नाही, ती तुझ्या नकाराच्या मुळाशी असावी.

तुझे वडील. दादासारखा निधडा माणूस मी पाहिला नाही. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तो रात्रपाळीला आत होता; यंत्रे बंद पडली, मुंबईची वीज गेली, आणि बाहेर येऊन तुम्ही सारे सुखरूप आहात एवढे पाहिल्यावर तो उलट पावली कामावर गेला. तोच दादा निवृत्त झाल्यावर बाजेवरून उठेनासा झाला. साखर वाढत गेली, गोळ्या उशाशी पडून राहिल्या, डोळ्यांपुढे धुके येऊ लागले तरी तो "चालायचंच" म्हणत राहिला. शेवटी फार उशिरा त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तरीही दिसेना. तू रजा टाकून आला होतास, पट्टी काढताना उशाशी तूच उभा होतास. मी हे सारे पाहत होतो आणि बोललो नाही. थोरल्या भावाला सुनवायचे नाही ही आमच्या घरची रीत, आणि त्या रीतीमागे मी लपलो. तुझ्यापुढे ती अडचण मला नाही. म्हणून हे पत्र असे तिखट झाले आहे.

तर ऐक. ती पट्टी निघाली तेव्हा दादाला दिसले नाही याला मोतीबिंदू कारण नव्हता. साखरेने डोळ्याच्या आतला पडदा आधीच नासवला होता, आणि पुढे मोतीबिंदू दाटलेला असल्याने तो पडदा कुणाला नीट तपासताही आला नव्हता. हे मला तेव्हा कळले नाही. नंतर डेरवणच्या रुग्णालयात माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिथल्या डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारले तेव्हा कळले. साखर तुलाही आहे. म्हणजे दिसावे यासाठी तर तुझा मोतीबिंदू निघायला हवाच, पण त्यामागचा पडदा वेळीच पाहता यावा यासाठीही निघायला हवा. ज्या दिरंगाईने दादाचा डोळा गेला, त्याच दिरंगाईत तू आसरा शोधतो आहेस.

शस्त्रक्रिया म्हणशील तर ती आता भीती वाटावी अशी राहिलेली नाही. गढुळलेले भिंग काढून त्या जागी दुसरे बसवतात, आणि बहुधा त्याच दिवशी घरी पाठवतात. हे भिंग बसवण्याची कल्पना कशी निघाली ते तुला आवडेल म्हणून लिहितो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण शिरत, आणि डोळा ते कण मुकाट्याने सोसतो असे हॅरोल्ड रिडले या इंग्रज डॉक्टराच्या ध्यानात आले. त्याने त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून १९४९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवले. कितीतरी वर्षे त्याच्याच व्यवसायातले थोर लोक त्याला विरोध करीत होते. आज माझ्या दोन्ही डोळ्यांत त्याच कल्पनेची भिंगे आहेत, आणि त्यांतूनच मी हे पत्र लिहितो आहे. पट्टी निघाल्यावर प्रथम निळा रंग किती निळा असतो ते दिसले. मला वाटत होते की आकाशच फिके झाले आहे.

भीती वाटत असेल तर वाटू दे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि ती मला सांगायला तर मुळीच लाजू नकोस. तुला पोहायला शिकवताना वाशिष्ठीच्या डोहात तू माझ्या गळ्याला जी मिठी मारली होतीस ती मी विसरलेलो नाही. दुर्बीण दिलीस ती दिलीस. ज्या मुलाला दिलीस त्याला पक्षी दाखवायला कुणीतरी हवेच, तेव्हा ती परत मागू नकोस, त्याच्याबरोबर जा. आपल्या परसातल्या सातविणीवर ककणेराची जोडी अजून येते. त्यांच्या ढोलीकडे तू तासन्‌तास बघत बसायचास आणि वहिनी जेवायला हाका मारून थकायच्या. मला नुसता आवाज ऐकू येतो, नेमकी ढोल कोणती ते तुझ्याएवढे मला कधी सापडले नाही. फाल्गुनात येऊन ती मला दाखव, एवढी माझी तुझ्याकडे मागणी आहे.

सूनबाईला मी पुन्हा तारीख घ्यायला सांगितले आहे. आदल्या दिवशी दिव्याच्या गाडीने मी येतो. एकटा येऊ नका असे तुम्ही सगळे म्हणाल, तरी येतो. आत नेतील तोवर मी तुझ्याजवळ बसेन आणि पट्टी काढताना या वेळी उशाशी मी उभा राहीन. साखरेच्या आणि दाबाच्या गोळ्या तोवर एकही चुकवू नकोस. पत्राचे उत्तर लिहिण्यासाठी डोळ्यांना ताण देऊ नकोस. सूनबाईच्या फोनवरून "ये" एवढे म्हटलेस तरी मला पुरे आहे.

सूनबाईस व मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा
काका

ता. क. काकूने तुझ्यासाठी कुळथाचे पीठ दळून ठेवले आहे, ते बरोबर आणतो.