चवळी पेर, पण विळा जवळ ठेव

नांगर तीन वर्षं बांधावर ठेवलास, बरं केलंस. आता मक्याच्या ओळींमधली उघडी माती झाकायची म्हणतोस. वैरण सगळी दावणीला जाते, रानात अंथरायला काही उरत नाही, म्हणून जितं आच्छादन हवं. ठीक. पण जितं म्हणजे तेही पाणी पिणार, हे आधी ध्यानात धर.

जपानात शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओका न नांगरता भात-सातू घ्यायचे, खाली जितं आच्छादन म्हणून पांढरा क्लोव्हर. एवढं सगळ्यांना पाठ. पावसाळ्यात थोडे दिवस शेतात पाणी कोंडून ते क्लोव्हरला दमवायचे आणि मग भात वर काढायचे, ते कुणी सांगत नाही. क्लोव्हर थंड हवेचा. आपल्या उन्हात नाही तगायचा. आणि पाणी कोंडलं तर मकाच जाईल. म्हणून आपली चवळी, आणि पाण्याच्या जागी विळा.

चवळी बुटकी, झुडपी घे. बी फुकट मिळालं म्हणून मी एकदा वेलाची घातली. भाद्रपदात ती कणसांपर्यंत चढली आणि एका वाऱ्यात ओळीच्या ओळी आडव्या. तुझी काकू अजून ऐकवते.

मक्याबरोबर एकाच दिवशी पेरू नकोस. एक खुरपणी होऊ दे, मका गुडघ्याला लागू दे, मग ओल बघून दोन ओळींच्या मधोमध टोक. बियाला रायझोबियम चोळून सावलीत सुकव. अन् मक्यात सगळे मारतात ते तणनाशक, ॲट्राझीन, त्या रानात नको, चवळी करपेल.

तीन आठवड्यांनी एक रोप खुरप्यानं हळू उकर. मुळावरची गाठ नखानं फोड. आत गुलाबी दिसली तर काम सुरू आहे. पांढरट, हिरवट असली तर नुसती पोटभाडेकरू. गाठी दिसल्या म्हणून युरिया तोडू नकोस. गाठींत तयार होणारं नत्र आधी चवळीच खाते. पाला-मुळं कुजल्यावर उरलेलं मिळतं, तेही बहुतेक पुढच्या पिकाला.

तुरा येताना मक्याला ताण सोसत नाही. पाऊस उघडला असेल तर तुरा डोकावायच्या आधीच चवळी जमिनीलगत काप, जागीच अंथर. उपटायची नाही, उपटलीस की माती सैल, मग नांगर काय वाईट होता? पाऊस हात देत असेल तर राहू दे, शेंगा घरी आण. मावा दिसला तर लगेच पंप काढू नकोस, मागून ढालकिडे येतात.

पहिल्या साली दहा गुंठेच. मधे चार ओळी उघड्या ठेव आणि पाऊस उघडल्यावर भर दुपारी दोन्हीकडून अनवाणी चालून बघ.